कातळ एकच, वाट पाण्याची : लोणावळ्याहून जुहूपर्यंत भूगोलाचा एक दिवस



"महाराष्ट्रातला मुख्य खडक कोणता?" असं सांताक्रूझच्या कुठल्याही शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलाला विचारा. "बेसॉल्ट!" असं उत्तर फाडकन येतं. एक गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो. मग त्याच मुलाला विचारा, "तू बेसॉल्ट पाहिलास का कधी?" बहुतेक मुलं नाही म्हणतात. घरातला पाटा-वरवंटा, आजीचं जातं, लोकलच्या रुळांखालची खडी हे सगळं ती रोज बघतात, पण त्याला बेसॉल्ट म्हणतात हे त्यांना माहीत नसतं.

आता दुसरा प्रश्न विचारा. "जोराचा पाऊस आला की आपला मिलन सबवे का तुंबतो?" उत्तर येतं, "नाले साफ केले नाहीत म्हणून." ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर पहिल्या प्रश्नात दडलेलं आहे. खडक, उतार आणि पाणी यांचं एकमेकांशी नातं काय, हे कळलं की ते सापडतं.

हे नातं फळ्यावर शिकवणं कठीण असतं, पण एका दिवसाच्या गाडीच्या प्रवासात ते डोळ्यांनी दिसतं. सांताक्रूझहून लोणावळा सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटर. तेवढ्यात आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर पोहोचतो. परत येताना डोंगर, पायथा, खाडी आणि किनारा अशी चारही भूरूपं ओळीने भेटतात. सहल म्हणून आपण या रस्त्याने कितीदा तरी जातो, वडापाव नि चिक्की घेऊन परत येतो. एकदा धडा म्हणून जाऊन बघू या.

निघण्यापूर्वी

दिवस शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला निवडा. पाऊस थांबलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि हवा स्वच्छ असल्यामुळे लांबचं दिसतं. भर पावसात मुलांना घाटात नेऊ नका. सोबत वही-पेन्सिल, भिंग, एक चुंबक, प्लास्टिकची छोटी पिशवी आणि एक लिंबू घ्या. चुंबक आणि लिंबू कशाला, ते पुढे येईलच.

पहाटे निघा आणि थेट वर जा. धडा येताना, उतरताना सुरू करायचा, कारण पाणीही वरून खालीच येतं. द्रुतगती मार्गावर गाडी थांबवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून घाटाचा भाग संपला की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने या आणि ठरलेल्या जागीच थांबा.

दिवसभर मुलांना एकच प्रश्न विचारत राहा : "इथे पाणी काय करतंय, आणि कातळ त्याला काय करू देतोय?"

थांबा पहिला : राजमाची पॉईंट

लोणावळा-खंडाळ्याच्या मध्ये, जुन्या रस्त्याला लागून हा पॉईंट आहे. समोर खोल दरी आणि पलीकडे राजमाची किल्ल्याचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात.

मुलांना आधी काही सांगू नका. समोरच्या कड्यावर आडव्या रेघा किती दिसतात, ते मोजायला सांगा. कुणी पाच म्हणेल, कुणी आठ. आकडा महत्त्वाचा नाही, रेघा दिसणं महत्त्वाचं. उभा कडा, मग थोडा झाडीचा उतार, पुन्हा उभा कडा, पुन्हा उतार. जिना दिसतो ना? अशा खडकांना भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे.

ही प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. शंकूसारख्या एकाच डोंगरातून धूर निघतो, तसा हा उद्रेक नव्हता. लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा पसरत गेला, थंड झाला, मग त्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. आज उरलेलं हे दख्खनचं बेसॉल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. कळसूबाईचं १६४६ मीटर उंचीचं शिखरही याच थरांचं.

मग पायऱ्या कशा झाल्या? याचं उत्तर घावनात आहे. तव्यावर घावन घातलं की वाफ वर येते आणि त्याला जाळी पडते. लाव्हातला वायूही असाच वर चढतो, म्हणून प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र होतो आणि मधला भाग भरीव राहतो. भरीव भाग टिकतो, त्याचा कडा होतो. जाळीदार भाग लवकर झिजतो, त्याचा उतार होतो आणि त्यावर माती धरून झाडं येतात. रस्त्याकडेच्या दगडात भोकं दिसली तर भिंगाने बघा. काही भोकांत पांढरे, चमकदार स्फटिक भरलेले असतात. थंड झालेल्या खडकातून खनिजं मिसळलेलं पाणी झिरपलं आणि भोकांत झिओलाइटसारखी खनिजं साठली, ती ही. म्हणजे पाण्याचं काम तेव्हाच सुरू झालं होतं.

आता दरीकडे बोट दाखवा. इथल्या राजमाचीच्या डोंगरात उल्हास नदी उगम पावते आणि पश्चिमेला वसईच्या खाडीकडे जाते. इथून थोड्याच अंतरावर लोणावळ्याजवळ इंद्रायणी उगम पावते. ती पूर्वेला देहू-आळंदीवरून भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. घाटमाथ्यावर शेजारी-शेजारी पडलेले दोन थेंब, एक वसईला जातो, दुसरा पार आंध्रच्या किनाऱ्याला. 'जलविभाजक' ही व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे एकदा दाखवणं पुरेसं आहे.

थांबा दुसरा : खोपोली

घाट उतरताना मुलांना कान दडे बसल्यासारखे वाटतात का, ते विचारा. काही मिनिटांत आपण पाचशे मीटरपेक्षा जास्त खाली येतो. गाडीवाल्याला नकोसा वाटणारा हा उतार एका माणसाला हवाहवासा वाटला होता. जमशेटजी टाटांच्या मनात घाटावरच्या पाण्यापासून वीज करायची कल्पना होती. ती त्यांच्या निधनानंतर प्रत्यक्षात आली. लोणावळा परिसरातल्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खोपोलीला सोडलं गेलं आणि १९१५ मध्ये इथलं वीजकेंद्र सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना त्या विजेने चालवलं.

इथे मोठ्या मुलांना एक गंमत सांगा. ते पाणी मुळात इंद्रायणीच्या खोऱ्यातलं, म्हणजे पूर्वेला जाणारं. माणसाने ते पश्चिमेला वळवलं. आता ते खोपोलीत पाताळगंगेला मिळतं आणि धरमतरच्या खाडीत जातं. वळवल्यामुळे फायदा कुणाचा झाला, पाणी कुणाचं कमी झालं, यावर आठवी-नववीच्या वर्गात छान चर्चा होते. उत्तर आपण देऊ नये, त्यांना भांडू द्यावं.

पावसाचा हिशेबही इथेच करून टाका. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला आडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. लोणावळ्याला वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि भिंतीमागे साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्याला जेमतेम सातशे. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणतात तो हाच.

थांबा तिसरा : चौक, इर्शाळगड आणि माथेरान

खालापूरवरून पुढे चौकच्या आसपास आलात की सुरक्षित जागा बघून चहाला थांबा आणि आजूबाजूचे डोंगर नीट बघा. एका बाजूला माथेरानचा सपाट माथा, त्याला लागून प्रबळगड, आणि जवळ इर्शाळगडाचा सुळका.

माथेरान साधारण आठशे मीटर उंच आहे. मुलांना विचारा, "घाटमाथ्यापासून इतका दूर, एकटाच, हा डोंगर इथे काय करतोय?" राजमाचीच्या कड्यावर दिसलेले आडवे थर इथेही आहेत. म्हणजे कधीकाळी सह्याद्रीची भिंत आजच्यापेक्षा पुष्कळ पश्चिमेला होती. पावसाने आणि ओढ्यांनी ती खात खात पूर्वेला मागे सरकवली. मधलं सगळं वाहून गेलं आणि माथेरान-प्रबळसारखे तुकडे मागे राहिले. कडा मागे सरकतो, दरी रुंद होते, कोकण तयार होतं. हे सांगायला चित्राची गरज नाही, समोरच दिसतं.

पण डोंगर झिजतो म्हणजे काय होतं, हे मुलांना फक्त लाखो वर्षांच्या भाषेत सांगू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात याच इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली आणि शोध थांबवावा लागला. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच मातीखाली गेलं होतं, दीडशेच्या वर माणसांसकट. कातळ कठीण असला तरी त्यावरचा झिजलेला भुसभुशीत थर आणि माती कठीण नसते. तीव्र उतारावर तो थर पाण्याने भरला की जड होतो, त्याची खालच्या कातळावरची पकड सुटते आणि तो सरकतो.

इथे आवाज खाली आणा. माहिती सांगा, भीती घालू नका. उतारावर नव्या भेगा दिसणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा नवीनच ठिकाणी फुटणं, ही धोक्याची चिन्हं असतात. आपली मुलं पुढे ट्रेकला जातील, काही जण गावाला डोंगराखालच्या घरात राहतील. ही चार चिन्हं लक्षात राहिली तर दिवस सत्कारणी लागला.

थांबा चौथा : वाशीची खाडी (गाडीतूनच)

पनवेल जवळ येतं तशी एक गोष्ट मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही. घाटात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या पट्ट्यात ते वाकून पश्चिमेला, समुद्राकडे कलतात. भूशास्त्रज्ञ याला 'पनवेलची वाक' अशा अर्थाने ओळखतात. रचून ठेवलेल्या चटयांचा गठ्ठा पलंगाच्या कडेवरून खाली लोंबावा, तसं. म्हणून मुंबईतले थर पश्चिमेला झुकलेले दिसतात, आणि मुंबईतल्या टेकड्यांच्या रांगा साधारण दक्षिणोत्तर आहेत.

वाशीच्या पुलावर थांबता येत नाही. खिडकीतून दोन्ही बाजूंना बघा. तिवरं, काळा चिखल, ओहोटी असेल तर पाणथळ पक्षी, आणि हिवाळ्यात नशीब असेल तर रोहितही. सकाळी ज्याचा कडा पाहिला, त्याच बेसॉल्टचा हा चिखल. पाणी-हवेने कातळ कुजतो, त्याची माती होते, नद्या ती खाली आणतात. भरतीला खारं पाणी आत येतं, वेग मंदावतो आणि गाळ बसतो. तिवरांची मुळं तो धरून ठेवतात. घाटावर पाणी खणतं, इथे ते साठवतं. दिवसभराचा प्रश्न इथे पुन्हा विचारला की मुलं आपणहून हे सांगतात.

थांबा पाचवा : अंधेरीचा गिल्बर्ट हिल

आता आपल्या दारात आलो. सांताक्रूझपासून दोन स्टेशनांवर, अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या गर्दीत सुमारे ६१ मीटर उंचीचा एक काळा कातळ उभा आहे. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत. खालून बघितलं तर कातळ उभ्या खांबांचा बनलेला दिसतो, जणू पेन्सिलींचा जुडगा उभा करून ठेवलाय. अमेरिकेत वायोमिंगमधला 'डेव्हिल्स टॉवर' असाच खांबांचा आहे, आणि तो पाहायला जगभरातून लोक जातात. आपल्याकडचा पाहायला ऑटोरिक्षा पुरते.

खांब का झाले? लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. उन्हाळ्यात तळ्यातला चिखल वाळला की पाच-सहा कोनांच्या भेगा पडतात ना, तशाच. त्या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून आत-आत जातात आणि खांब सुटे होतात. सकाळच्या थरांपेक्षा मुंबईतला लाव्हा थोडा उशिराचा, पण तोही ६ कोटी वर्षांच्या घरातला.

मुंबई परिसरात उद्रेक सतत चालू नव्हता, याचा पुरावा वरळीत मिळाला. तिथल्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे गोड्या पाण्याची तळी होती, त्यात बेडूक डरावत होते.

गिल्बर्ट हिलच्या आजूबाजूचा कातळ खडीसाठी फोडला गेला, तेव्हा हा एवढाच उरला. महापालिकेने २००७ मध्ये त्याला वारशाचा दर्जा दिला. मुलांना विचारा, खडीही लागतेच, आपली शाळा आणि घरं त्यातूनच उभी राहिली. मग काय फोडायचं आणि काय राखायचं, हे कसं ठरवायचं?

थांबा सहावा : जुहू

संध्याकाळपर्यंत जुहूला पोहोचा. भेळ नंतर, आधी वाळू. वाळूवर जिथे काळसर पट्टे दिसतात तिथली मूठभर वाळू पिशवीत घ्या, कोरडी करा आणि पिशवीच्या बाहेरून चुंबक फिरवा. चुंबकाबरोबर काही काळे कण सरकतात का बघा. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं. डोंगर झिजला तरी हे जड कण टिकतात, आणि लाटा हलकी वाळू वाहून नेतात तेव्हा मागे पट्टा उरतो. मग एका शिंपल्याच्या तुकड्यावर लिंबू पिळा आणि भिंगातून बघा, बुडबुडे येतील. शिंपला चुन्याचा, बेसॉल्ट तसा नाही. एका मुठीत डोंगर आणि समुद्र दोन्ही असतात, हे मुलं घरी जाऊन नक्की सांगतात.

आणि एक सांगा. जुहू पूर्वी साष्टीपासून वेगळं होतं. वाळूचा एक लांबट, सखल पट्टा, आणि तो आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये भरतीचं पाणी शिरायचं. ओहोटीला लोक चालत पलीकडे जायचे.

शेवटचा थांबा : आपली गल्ली

आता मिलन सबवेच्या प्रश्नाकडे या. मुलांना सगळे धागे मिळाले आहेत, जोडायचं काम त्यांना करू द्या.

पूर्वेला बोरिवली ते पवईपर्यंत कातळाच्या टेकड्या. त्यांवर पडलेलं पाणी भरभर खाली येतं. विहार-पवई तलावांकडून मिठी नदी निघते, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना असं करत माहीमच्या खाडीला जाते. वाशीहून येताना कुर्ला-कलिन्याच्या मध्ये आपण तिला ओलांडलं, पण बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नसेल. पश्चिमेला जुन्या खाडीची, भराव घातलेली जमीन. मध्ये आपण, सखल भागात. त्यातही सबवे म्हणजे रुळांखाली मुद्दाम खणलेला खड्डा. वरून पाऊस आणि समोर भरती असली की पाणी कुठे जाणार?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा नव्हता. आपल्या उपनगराचं नाव त्या दिवसापासून हवामानाच्या पुस्तकांत गेलं. मिठीचं पात्र अरुंद झालेलं, तिवरं बुजवलेली, आणि भरतीची वेळ. त्याच दिवशी साकीनाक्याला डोंगराचा भाग वस्तीवर कोसळला. म्हणजे सकाळी चौकला जे शिकलो आणि दुपारी खाडीवर जे शिकलो, ते दोन्ही एकाच दिवशी आपल्या शहरात घडलं. नाले साफ हवेतच. पण नाला कुठे जातो, तिथे पाण्याला जागा ठेवली आहे का, हा प्रश्न नाल्याइतकाच मोठा आहे.

वर्गात करून घेण्यासाठी

१. थरांचा छेद : लोणावळा, खोपोली, पनवेल, वाशी, अंधेरी आणि जुहू ही ठिकाणं एका आडव्या रेषेवर मांडून उंचीचा आराखडा काढा. जिथे पाणी खणतं तिथे लाल, जिथे साठवतं तिथे निळा रंग द्या.

२. खांबांचा प्रयोग : कॉर्नफ्लोर आणि पाणी समप्रमाणात मिसळून काचेच्या भांड्यात जाड थर घाला. दिव्याच्या उबेत काही दिवस वाळू द्या, मग हलक्या हाताने फोडा. गिल्बर्ट हिलचे छोटे खांब दिसतील.

३. गल्लीचा नकाशा : शाळेभोवतीच्या रस्त्यांचा नकाशा काढा. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते बाण काढून दाखवा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, "इथे आधी काय होतं?" तळं, शेत, खाजण, विहीर असं जे उत्तर येईल ते नकाशात लिहा.

तिसरी कृती चुकवू नका. गाडी नसेल, सहलीची परवानगी नसेल तरी ती करता येते, आणि गिल्बर्ट हिल आणि जुहू तर बसने होतात. घाट नंतर कधीही पाहता येईल.

परीक्षेत 'बेसॉल्ट' लिहून एक गुण मिळतो, तो मिळू द्या. पण नवीन घर घेताना, गावाला डोंगराखाली बांधकाम करताना, किंवा खाजणात भराव पडताना बघून "इथलं पाणी कुठे जाणार?" असं विचारणारं माणूस आपल्या वर्गातून बाहेर पडलं, तर भूगोल शिकवल्याचं समाधान वाटेल. येत्या दिवाळीच्या सुट्टीत एखादा दिवस काढा. लिंबू विसरू नका.